एकच चूक तीनदा कशाला दुरुस्त करायची?

आज रस्ता, पाणी, नगरपरिषद बाजूला ठेवतो आणि कॉम्प्युटरच्या एका छोट्या प्रोग्रॅमबद्दल लिहितो. लगेच पुढे सरकू नका. गोष्ट एका बाईच्या अडकलेल्या अनुदानाची आहे आणि त्यात थोडा दोष माझाही आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मागच्या महिन्यात एक ताई माझ्याकडे आल्या. खरं नाव सांगत नाही. नावात रफार आहे, म्हणून आपण त्यांना वर्षाताई म्हणू. एका अनुदानाच्या यादीत त्यांचं नाव पूर्वीपासून होतं, हप्ते यायचे, मग बंद झाले. कार्यालयात गेल्या की एकच उत्तर, "ताई, यादीत नाव नाही." चार हेलपाटे झाले. प्रत्येक वेळी एसटीचं भाडं गेलं, मजुरीचा खाडा पडला तो वेगळाच.

मी त्यांच्याबरोबर गेलो. ऑपरेटर भला माणूस निघाला. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, "वर्षा" टाइप केलं, शोध दिला. काही सापडलं नाही. म्हटलं, "दादा, गावाच्या नावाने शोधा बरं." गाव निघालं. यादी खाली खाली सरकवत नेली आणि त्यात ताई होत्या. त्यांचं नाव असं होतं: "वषार्".

रफार पुढच्या अक्षरावर चढायचा सोडून मागे लोंबकळत होता. माणसाच्या डोळ्याला ती टायपिंगची चूक वाटते, वाचून पुढे जाता येतं. कॉम्प्युटरला मात्र "वर्षा" आणि "वषार्" या दोन वेगळ्या बायका आहेत.

माझ्या पोटात गोळा आला, कारण ही चूक मी ओळखतो. माझ्याकडे ती २०१७ सालीच दुरुस्त झाली होती.

आता मागची हकिकत सांगतो.

आमचं साप्ताहिक २०१२ पर्यंत जुन्या फॉन्टमध्ये लागायचं. तेव्हा सगळीकडे तसंच होतं. त्या फॉन्टची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या आत इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त स्क्रीनवर त्यांच्या जागी मराठी चित्र दिसायचं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून मजकूर कुठेही उघडतो आणि शोधताही येतो. म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर लागतो.

आमच्याकडे डीटीपी करणाऱ्या काकांचा मुलगा तेव्हा पॉलिटेक्निकला होता. त्याने २०१३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पायथॉन नावाच्या भाषेत असा कन्व्हर्टर लिहून दिला. पायथॉनची तेव्हाची आवृत्ती २.७. आमचे जुने अंक त्यातून निघाले. मग गावातल्या वाचनालयाने पुस्तकांच्या नोंदींसाठी तो मागितला, पेनड्राइव्हवर दिला. मग एका कार्यालयाने जुन्या याद्यांसाठी मागितला, त्यांनाही पेनड्राइव्हवर दिला. आम्हाला अभिमान वाटला. पोरगं गावाच्या उपयोगी पडलं म्हणून मी चौकटही छापली होती.

पेनड्राइव्हवर दिला, म्हणजे काय केलं? एका प्रोग्रॅमचे तीन केले. पुढचा सगळा घोळ त्या दिवशी सुरू झाला.

वाचनालयाचा कॉम्प्युटर जुनाच राहिला. त्यावर आजही २.७ आहे आणि पुस्तकांच्या नोंदीची सगळी व्यवस्था त्यावरच चालते, त्यामुळे कुणी हात लावत नाही. कार्यालयात नवं मशीन आलं, त्यावर पायथॉन ३ होतं, आमचा प्रोग्रॅम चालेना. कुणीतरी बाहेरचा माणूस बोलावून इकडची ओळ तिकडे करून तो "चालता" केला. माझ्याकडे तिसरी कॉपी. २०१७ मध्ये वर्धापनदिनाच्या अंकात "वषार्" छापून आलं, एका वाचकाने झापलं, पोराने एका संध्याकाळी ते नीट केलं. माझं काम झालं. इतर दोन ठिकाणी कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

चूक होती छोटीशी. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा, कारण तो दिसायला वर डोक्यावर असतो. युनिकोडमध्ये तो आधी लागतो, र आणि हलन्त, मग पुढचं अक्षर. कन्व्हर्टरने मागे जाऊन तो योग्य जागी नेऊन ठेवायचा असतो. पोराच्या पहिल्या कॉपीत "सर्व", "धर्म" असे शब्द बरोबर यायचे, कारण तिथे एकच अक्षर मागे जायचं. "वर्षा"मध्ये मध्ये काना आहे, तो ओलांडायचं राहून गेलं होतं. बहुतेक शब्द बरोबर दिसायचे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ज्यांच्या नावात रफारानंतर काना, वेलांटी किंवा मात्रा, तेवढेच यादीतून गायब.

तुम्ही म्हणाल, भाषा एकच, मग तिच्या दोन आवृत्त्यांत एवढा फरक कसा? हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही. याच्यावर जगभरच्या प्रोग्रॅमरांनी दहा-बारा वर्षं डोकं फोडलं आहे.

पायथॉन ३ आलं ३ डिसेंबर २००८ ला. करणाऱ्यांनी जाणूनबुजून काही गोष्टी अशा बदलल्या की जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालणार नाहीत. कारण वरवरचं नव्हतं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण आपल्याच कामाचं होतं. जुन्या पायथॉनमध्ये साधा मजकूर म्हणजे नुसते बाइट. तिथे "मराठी" या शब्दाची लांबी विचारली तर नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत उत्तर यायचं १५. नव्यात उत्तर येतं ५: म, र, काना, ठ, वेलांटी. जुन्यात नाव वीस घरांत कापायचं म्हटलं तर अक्षराच्या मधोमध करवत चालायची आणि शेवटी प्रश्नचिन्ह उमटायचं. शिवाय जुन्यात दोन प्रकारचा मजकूर एकमेकांत मिसळला तर इंग्रजी नावांवर सगळं सुरळीत चालायचं, मराठी नाव आलं की प्रोग्रॅम आपटायचा. म्हणजे हा बदल आपल्यासारख्यांच्या भल्याचाच होता.

पण चांगला बदल असला तरी जुनं घर एका रात्रीत रिकामं होत नाही. काही फरक तर बोलतही नाहीत. छापायच्या आज्ञेला, म्हणजे प्रिंटला, नव्यात कंस लागतो. तो नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, चूक कळते. पण जुन्यात पाच भागिले दोन केलं की उत्तर दोन, नव्यात अडीच. दोन्हीकडे प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. हिशेब चुकला हे कळायला कुणाचे तरी पैसे कमी यावे लागतात.

सुरुवातीला पायथॉनवाल्यांचा सल्ला होता की दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा एकच प्रोग्रॅम लिहायच्या फंदात पडू नका, फार वेडंवाकडं लिहावं लागेल. त्यापेक्षा जुना प्रोग्रॅम "टू-टू-थ्री" नावाच्या यंत्रातून काढा, नवा तयार होईल. कागदावर छान. पण ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे वापरणारे होते त्यांना रोज जुन्यात सुधारणा करायची, रोज यंत्रातून काढायची, रोज नव्याची तपासणी करायची. लोक वैतागले.

मग लोकांनीच वाट काढली. बेंजामिन पीटरसन या प्रोग्रॅमरने "सिक्स" नावाची एक छोटी लायब्ररी केली. दोन गुणिले तीन सहा, म्हणून सिक्स. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड. सिक्सची अख्खी फाइल एकच आहे. दोन आवृत्त्यांत जे जे वेगळं आहे ते त्या एका फाइलीत, बाकी तुमचं काम एकदाच लिहा. याच पीटरसनकडे २.७ आवृत्ती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी होती, म्हणजे जुन्याची दुखणी त्याला आतून ठाऊक. वेबसाइट बांधायला जगभर वापरलं जाणारं जँगो २०१३ मध्ये १.५ आवृत्तीत पायथॉन ३ वर चालू लागलं, ते याच पद्धतीने. एक कोड, दोन आवृत्त्या.

आणि पायथॉनवाल्यांनीही हट्ट सोडला, हे मला सगळ्यात आवडलं. जुन्यात युनिकोड मजकुराच्या आधी "यू" हे अक्षर लावायचे. ३.० मध्ये ते काढून टाकलं होतं, त्यामुळे दोन्हीकडे चालणारा कोड लिहिणं आणखी अवघड झालं. २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत ते परत आणलं. नव्या पायथॉनला त्याचा काडीचा उपयोग नाही, तरी आणलं, कारण जुन्याकडून येणाऱ्याला उंबरा ओलांडायला सोपं जावं. आपल्याकडे एखादं पोर्टल बदलल्यावर जुन्या माणसासाठी एवढा विचार केलेला तुम्ही कधी पाहिलात?

आता माझं म्हणणं.

एकच काम दोन-तीन प्रकारच्या मशीनवर करायचं असेल तर कामाचा गाभा एकाच ठिकाणी ठेवा. मशीनमशीनचा फरक वेगळ्या छोट्या कप्प्यात ठेवा. आणि तो कप्पा कधी बंद करणार याची तारीख आधी सांगा. सामाईक विहिरीचं उदाहरण घ्या. दोन भावांत विहीर एकच असते. एकाचं जुनं डिझेल इंजिन, दुसऱ्याची विजेची मोटार. इंजिन बदललं म्हणून कुणी दुसरी विहीर खणत नाही. आम्ही मात्र पेनड्राइव्ह घेऊन तीन विहिरी खणल्या आणि गाळ फक्त एकीचा काढला.

यावर दोन आक्षेप येतात.

पहिला: "जुनं फेकून द्या, सगळ्यांना नव्यावर आणा, कशाला पूल बांधताय?" शेवटी तेच व्हायला हवं, मान्य. पण वाचनालयाचं मशीन बदलायचं तर पुस्तकांची सगळी नोंद नव्या व्यवस्थेत न्यावी लागेल. त्याला पैसे लागतात, माणूस लागतो. तोपर्यंत रफाराची चूक तशीच ठेवायची का? पूल कायम राहायला बांधायचा नसतो, पण नदीत माणसं असताना तो लागतोच.

दुसरा: "दोन्हीकडे चालणारा कोड बोजड होतो, नव्या सोयी वापरता येत नाहीत." हेही खरं आहे. प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासावी लागते. म्हणूनच तारीख हवी. पायथॉन २ बंद करायची तारीख आधी २०१५ होती, ती २०२० पर्यंत वाढवली, पण मग तिथे थांबले. १ जानेवारी २०२० ला आधार संपला, एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती काढून दुकान बंद केलं. मोठ्या प्रकल्पांनीही आपापले पूल सांगून पाडले. जँगोने डिसेंबर २०१७ मध्ये २.० आवृत्तीत जुन्याला रामराम केला, पण त्याआधीच्या १.११ ला पुढे एप्रिल २०२० पर्यंत आधार दिला. म्हणजे मुदत दिली, ती सांगितली आणि पाळली. मुदतच दिली नाही तर पूल कुणी पाडत नाही आणि दुरुस्तही करत नाही.

मंडळी, नुसतं लिहून थांबलो नाही. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला फोन केला, सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, रविवारी येतो." दोन रविवार बसलो. तिन्ही कॉपी शेजारी शेजारी उघडल्या आणि जे दिसलं ते पाहून दोघेही गप्प झालो.

माझ्या कॉपीत रफार बरोबर होता, इतर दोन्हीत चुकीचा. वाचनालयाच्या कॉपीत "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला आपला मराठी अर्धा र बरोबर होता, कारण तिथले ग्रंथपाल काटेकोर आहेत आणि त्यांनी पाठपुरावा करून तो नीट करून घेतला होता. माझ्याकडे तो आजपर्यंत चुकत होता! कार्यालयाच्या कॉपीत तारखा आणि आकडे बरोबर यायचे, आमच्या दोघांकडे अधूनमधून घसरायचे. तिघांनी तीन वेगळ्या चुका सुधारल्या आणि कुणी कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं आपला प्रोग्रॅम नीट आहे.

आता एकच कॉपी आहे. रफार, अर्धा र, पहिली वेलांटी, आकडे, हे सगळं एका फाइलीत, एकदाच. ती फाइल २.७ वरही चालते आणि ३ वरही. जुन्या-नव्याचे फरक शेजारच्या छोट्या फाइलीत, मोजून चाळीसेक ओळी. पायथॉन २ मध्येच "फ्युचर" नावाची एक सोय आहे, तिच्याने प्रिंट आणि भागाकार जुन्या मशीनवरही नव्यासारखे वागतात, ती वापरली. आणि एक नियम पोराने माझ्याकडून पाठ करून घेतला: देवळात जाताना चपला दाराबाहेर काढतो तसं फाइल आत घेतानाच तिचे बाइट सोडवून युनिकोड करायचं, आत सगळा व्यवहार युनिकोडमध्ये, आणि बाहेर पडताना परत बाइट. मध्येच कुठे चपला घालायच्या नाहीत.

त्याबरोबर शब्दांची एक यादी केली आहे. जुन्या फॉन्टमधला शब्द आणि शेजारी त्याचं बरोबर रूप. सध्या १८३ शब्द आहेत. काहीही बदललं की यादी दोन्ही आवृत्त्यांवर चालवायची, एक शब्द जरी चुकला तरी बदल परत घ्यायचा. यादीतला पहिला शब्द "वर्षा" आहे.

आता कार्यालयांना माझं सांगणं. तुम्ही असे छोटे प्रोग्रॅम वेगवेगळ्या माणसांकडून करून घेता, प्रत्येकाला पैसे देता, कोड कुठे आहे हे वर्षभराने कुणाला माहीत नसतं. टेबल बदललं की माहिती गेली. केंद्र सरकारने सरकारी प्रोग्रॅमांचा सोर्स कोड खुला करून एकत्र काम करायचं धोरण २०१५ मध्येच काढलेलं आहे. त्याचा आधार घ्या. काम देताना चार ओळी करारात घाला. कोड एका सामाईक ठिकाणी राहील. कोणकोणत्या आवृत्त्यांवर चालतो ते लिहिलेलं असेल. तपासणीची यादी सोबत असेल. आणि जुन्या आवृत्तीचा आधार कोणत्या तारखेला संपेल ते आधी जाहीर होईल. याला वेगळा निधी लागत नाही.

आणखी एक. सामाईक गोष्ट सगळ्यांची असते म्हणून ती कुणाचीच होऊन बसते. पोराने दोन रविवार फुकट दिले, पण दर रविवारी कोण येईल? विहिरीचा गाळ काढायला वर्गणी निघते ना, तशी याला जबाबदारी आणि थोडं मानधन ठरायला हवं. वाचनालय, साप्ताहिक आणि कार्यालय, तिघांनी मिळून. माझा वाटा मी देणार आहे. वाचनालयाच्या मशीनसाठी मुदतही ठरवू, पुढचा ३१ मार्च. त्यानंतर चाळीस ओळींची ती फाइल आपण समारंभाने पुसू, पेढे माझ्याकडून.

वर्षाताईंचं नाव यादीत दुरुस्त झालं. नव्या प्रोग्रॅममधून यादी परत काढली तेव्हा त्यांच्यासारखी आणखी अकरा नावं निघाली. ती कार्यालयाकडे लेखी दिली आहेत, पोच घेतली आहे. मागचे हप्ते अजून मिळालेले नाहीत. पाठपुरावा चालू आहे, इथे कळवत राहीन. २०१७ मध्ये मी दोन फोन केले असते तर ही वेळ आली नसती, हेही लिहून ठेवतो.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या नावात रफार असेल आणि कुठल्याही ऑनलाइन यादीत नाव "सापडत नाही" असं उत्तर मिळालं असेल, तर आडनावाने किंवा गावाच्या नावाने शोधायला सांगा. आणि असा मोडलेला शब्द कुठे दिसला तर फोटो काढून मला पाठवा. १८३ चे दोनशे करायचे आहेत.